आधी तार, मग दिवा

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपण मराठीत म्हणतो. कन्नडमध्येही हीच म्हण जवळजवळ शब्दाला शब्द आहे – ‘हासिगे इद्दष्टु कालु चाचु’. या अंकाच्या दोन्ही विभागांच्या वाचकांना ती लहानपणापासून पाठ असणार. घरातील वडीलधारी मंडळी ती पैशाच्या बाबतीत ऐकवतात. विजेच्या तारेलाही ती तितकीच लागू पडते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. तारेचे अंथरूण म्हणजे तिची जाडी, आणि त्यावर पसरलेले पाय म्हणजे आपण तिला जोडलेले दिवे, हॉर्न, पंखे आणि स्पीकर.

जुन्या मोटारगाड्या आज काही घरांत हौसेने आणि पुष्कळ घरांत गरजेने रस्त्यावर ठेवल्या जातात. त्यांच्यावर पैसाही खर्च होतो. पण तो ज्या क्रमाने होतो तो क्रम मला चुकीचा वाटतो. आधी प्रखर दिवे येतात, मग दोन भोंग्यांचा हॉर्न, मग गाण्यांसाठी स्क्रीन, मागे पाहण्याचा कॅमेरा, मोबाईल चार्ज करण्याची सोय. हे सारे ज्या तारांवर चालायचे त्या मात्र गाडी कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवसाच्याच राहतात. माझे म्हणणे असे आहे की हा क्रम उलटा झाला पाहिजे. जुन्या गाडीला नवे काही जोडण्याआधी तिची वायरिंग तपासून बदलावी. आणि ते झेपत नसेल तर नवे काही जोडू नये. जुन्या तारेला नवी तार पिळून वर काळी टेप गुंडाळायची, हा मधला मार्ग सर्वांत स्वस्त दिसतो, आणि सर्वांत महाग पडतो.

हे मी स्टेशन वॅगनच्या उदाहरणाने मांडणार आहे. डिकीच्या जागी छप्पर थेट मागपर्यंत नेलेली आणि मागे काचेचा पाचवा दरवाजा असलेली लांब मोटार म्हणजे स्टेशन वॅगन. आपल्या देशात या जातीच्या गाड्या फार झाल्या नाहीत. पुण्याच्या टेल्कोने, म्हणजे 2003 पासून जिला टाटा मोटर्स म्हणतात त्या कंपनीने, 1992 साली टाटा इस्टेट बाजारात आणली. पुढे त्याच दशकाच्या अखेरीस मारुतीची बलेनो अल्टुरा आली. दोन्हींचे उत्पादन केव्हाच थांबले. तेव्हा आज अशी एखादी गाडी दिसली तर तिच्या अंगातील तारांचे वय वीस-पंचवीस वर्षे किंवा त्याहूनही अधिक समजावे.

तारही म्हातारी होते, हे आपण विसरतो. तांबे टिकाऊ खरे, पण त्यावरचे वेष्टन तसे नसते. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात जे द्रव्य मिसळलेले असते ते इंजिनाच्या उष्णतेने वर्षानुवर्षे थोडे थोडे निघून जाते. मग वेष्टन कडक होते आणि वाकवले की तडकते. त्या भेगेतून ओल आत शिरते आणि तांब्याचे केसासारखे धागे काळे-हिरवे पडू लागतात. नामांकित गाड्याही यातून सुटलेल्या नाहीत. स्वीडनच्या व्होल्वो कंपनीची 240 ही मालिका 1974 ते 1993 पर्यंत निघत होती आणि तिची वॅगन दणकटपणासाठी जगभर ओळखली जात असे. तरीही 1980 ते 1987 च्या सुमारास बनलेल्या या गाड्यांत इंजिनाजवळच्या तारांचे वेष्टन पुढे बिस्किटासारखे भुगा होऊन पडू लागले. गाडी उत्तम, इंजिन लाखो किलोमीटर चालणारे, आणि वेष्टन मात्र गळून पडलेले! तेथील मालकांनी तो तारांचा सेट संपूर्ण बदलला, तेव्हाच त्या गाड्या पुढे चालल्या.

आता जवळचे उदाहरण. चंदगड तालुक्यात राहणाऱ्या माझ्या मोठ्या मामांकडे एक जुनी डिझेल स्टेशन वॅगन आहे. काजूची पोती, लग्नकार्याची भांडी, दवाखान्यात न्यायचा आजारी माणूस, या सर्वांना ती एकच गाडी. पावसाळ्यात चोर्ला घाटातून रात्री उतरताना तिचे दिवे पिवळे आणि मंद पडतात म्हणून मामांनी 100 वॅटचे बल्ब आणले. वायरिंगचा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले, “अरे, डिझेल गाडीला करंट लागतोच कुठे? एकदा सुरू झाली की झाली.” त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. जुन्या डिझेल इंजिनात पेट्रोल गाडीसारखी ठिणगी लागत नाही. हवा दाबून तापवायची आणि तीत डिझेल फवारायचे, एवढ्यावर ते चालते. पण दिवे, वायपर, हॉर्न आणि ब्रेकचा लाल दिवा यांना करंट लागतोच, आणि घाटात माणसाचा जीव इंजिनापेक्षा त्यांच्यावर अधिक अवलंबून असतो.

गाडी बेळगावला एका जुन्या मिस्त्रींकडे आणली. ते कन्नडमधून सांगत, मामांना ते अर्धेच कळे, म्हणून दोघांच्या मध्ये बसून मी सारे वहीत दोन्ही भाषांत उतरवून घेत गेलो. मिस्त्रींनी बल्बाचे पुडके बाजूला ठेवले आणि आधी मीटर लावला. इंजिन चालू, दिवे लावलेले. बॅटरीवर 13.8 व्होल्ट, आणि दिव्याच्या पाठीमागे 11.7. मधले 2.1 व्होल्ट वाटेत गेले होते.

हे कसे होते ते समजायला दहावीचा ओहमचा नियम पुरतो. 1 चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे 0.017 ओहम असतो. जुन्या गाड्यांत समोरच्या दिव्यांचा करंट बॅटरीकडून डॅशबोर्डवरच्या बटणापर्यंत येतो, तेथून डिपरच्या बटणाला जातो आणि मग पुन्हा समोर दिव्यांकडे. ही वाट सहज 6 मीटर भरते, म्हणजे रोध सुमारे 0.1 ओहम. 60 वॅटचे दोन बल्ब 12 व्होल्टवर 10 अँपिअर घेतात. 10 ला 0.1 ने गुणले की 1 व्होल्ट. एवढी घट नव्या, निरोगी तारेतसुद्धा होणारच. उरलेले 1.1 व्होल्ट झिजलेल्या बटणांत, पिळलेल्या जोडांत आणि गंजलेल्या अर्थमध्ये गेले होते.

दोन व्होल्टने काय होते, असे कोणी म्हणेल. तंतूच्या बल्बाचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही. तो फार वेगाने घटतो. व्होल्टेज 10 टक्क्यांनी उतरले तर प्रकाश सुमारे 30 टक्क्यांनी उतरतो. मामांच्या गाडीत व्होल्टेज 15 टक्के कमी होते, म्हणजे रस्त्यावर पडणारा प्रकाश जवळजवळ निम्म्यावर आला होता. बल्बात दोष नव्हताच.

अशा वेळी 100 वॅटचे बल्ब लावले असते तर? करंट 10 वरून सुमारे 16.7 अँपिअरवर गेला असता. तारेतील घट त्याच प्रमाणात वाढली असती, आणि तारेतील उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे पावणेतीन पटीहून अधिक. प्रकाश अपेक्षेइतका वाढला नसता, पण डॅशबोर्डच्या मागे, जेथे कोणाचा हात आणि डोळा पोहोचत नाही, तेथे तडकलेल्या वेष्टनाची जुनी तार तापत राहिली असती. गाडीला आग लागल्याची बातमी आपण वाचतो तेव्हा ‘शॉर्टसर्किट’ हा एकच शब्द छापून येतो. तो शब्द वाचताना वाटते की काहीतरी अचानक घडले. पण बहुधा त्याची तयारी कित्येक महिने चाललेली असते.

मिस्त्रींनी उपाय केला तो असा. बॅटरीपासून दिव्यांपर्यंत 2.5 चौरस मिलिमीटरची नवी तार थेट समोरून ओढली, बॅटरीजवळच फ्यूज घातला आणि मध्ये रिले बसवला. रिले हा एखाद्या मुकादमासारखा असतो. डॅशबोर्डचे बटण त्याला फक्त हुकूम देते आणि त्या हुकुमाला पाव अँपिअरहूनही कमी करंट लागतो. खरा भार आखूड आणि जाड तारेवरून जातो. 2 मीटरच्या त्या तारेत घट होते सुमारे 0.14 व्होल्ट. अर्थची जागा घासून साफ केली, नवा लग लावला आणि पुन्हा मीटर धरला, तेव्हा दिव्यामागे 13.5 व्होल्ट मिळाले. बल्ब तेच जुने, 60/55 वॅटचे. मामा गाडीपुढे उभे राहून भिंतीवर पडलेला प्रकाश बराच वेळ पाहत होते. 100 वॅटचे पुडके त्यांनी दुकानात परत केले.

वर अर्थचा उल्लेख आला. या एका गोष्टीबद्दल मला कॉमर्सच्या मित्रांशी विशेष बोलायचे आहे, कारण ती आपल्याला इतरांपेक्षा लवकर समजायला हवी. घरात प्रत्येक दिव्याला दोन तारा येतात. मोटारीत बहुधा एकच तार दिव्यापर्यंत जाते आणि परतीचा मार्ग म्हणजे गाडीचा पत्रा. पत्र्यातून करंट एका जाड पट्टीने बॅटरीच्या ऋण टोकाला परत येतो. जितका गेला तितका परत आलाच पाहिजे. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर नावे पडले की जमा पडलेच पाहिजे. आपण गाडीची वायरिंग बघतो तेव्हा फक्त नावेची बाजू बघतो. जमेची बाजू पत्र्यात लपलेली असते आणि तिला गंज चढतो.

तेरीज जुळली नाही की आपण फरक तात्पुरता सस्पेन्स खात्यात टाकतो. खराब अर्थची गाडी नेमके हेच करते. परतीची सरळ वाट बंद झाली की करंट दुसऱ्या दिव्याच्या तंतूतून वाट काढतो. म्हणून ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, इंडिकेटर लावला की मागचा दिवा त्याच्याबरोबर उघडझाप करू लागतो. लोक अशा वेळी बल्ब बदलतात, बटण बदलतात, शेवटी गाडीलाच नावे ठेवतात. सस्पेन्स खाते भरत जाते आणि मूळ चूक तशीच राहते. ती सापडायला बहुतेक वेळा एक पाना आणि पॉलिशपेपर एवढेच पुरते.

फ्यूजबद्दलही असाच गैरसमज आहे. फ्यूज दिव्याला किंवा रेडिओला वाचवण्यासाठी असतो असे आपल्याला वाटते. त्याचे पहिले काम तारेला वाचवण्याचे आहे. म्हणून फ्यूज किती अँपिअरचा हे तारेच्या जाडीवरून ठरते. हल्लीच्या पात्यांच्या फ्यूजना रंग ठरलेले आहेत – 10 चा लाल, 15 चा निळा, 20 चा पिवळा, 30 चा हिरवा. वारंवार उडणाऱ्या लाल फ्यूजच्या जागी हिरवा बसवणे, किंवा जुन्या काचेच्या फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळणे, म्हणजे वॉचमन सारखा ओरडतो म्हणून त्याला सुट्टी देणे होय. मग सर्वांत कमजोर जी जागा असेल तीच फ्यूज बनते, आणि ती गालिच्याखाली असू शकते.

स्टेशन वॅगनला या बाबतीत दोन दुखणी अधिक असतात. एक म्हणजे लांबी. बॅटरीपासून मागच्या दिव्यापर्यंतची वाट लांब, आणि ती सामानाच्या जागेखालून किंवा कडेने जाते. पोती ओढली जातात, सीट दुमडले जाते, पत्र्याची धार तारेला लागते. दुसरे म्हणजे पाचवा दरवाजा. त्यात मागच्या काचेचा वायपर, काचेवरचे दव घालवणाऱ्या तापपट्ट्या, नंबरप्लेटचा दिवा, असे जे काही असेल त्याच्या तारा बिजागरीजवळच्या रबरी नळीतून जातात. दरवाजा जितक्या वेळा उघडला तितक्या वेळा त्या वाकतात. वीस वर्षांत काही हजार वेळा वाकलेल्या तारेचे धागे वेष्टनाच्या आत एकेक करून तुटतात. वरून तार धडधाकट दिसते. टेस्ट लॅम्प लावला तर तोही पेटतो, कारण छोटा दिवा पेटवायला एक-दोन धागे पुरतात. भार दिला की मात्र व्होल्टेज कोसळते. म्हणून जुनी वायरिंग तपासायची तर भार चालू ठेवून मीटर धरावा लागतो.

आता उत्पन्नाची बाजू पाहू. गाडीत वीज कमावतो तो अल्टरनेटर. बॅटरी म्हणजे ठेव. ती काढून खाता येते, पण पुन्हा भरावी लागते. रात्री पावसात चाललेल्या गाडीचा खर्च मांडून पाहा. डिपरवरचे दोन दिवे 9 अँपिअर, मागचे आणि डॅशबोर्डचे दिवे मिळून 3, वायपर 4 ते 5, आतला पंखा 8 ते 10, एसी असेल तर त्याचा क्लच आणि पुढचा पंखा मिळून आणखी 14. बेरीज चाळिशीच्या घरात गेली. जुन्या अल्टरनेटरच्या पाटीवर 45 किंवा 55 अँपिअर लिहिलेले असते खरे, पण ती इंजिन वेगात असतानाची कमाई. रेल्वे फाटकावर गाडी उभी असेल तेव्हा ती निम्म्यावर येते आणि उरलेला खर्च ठेवीतून चालतो. त्यात आणखी मोठे स्पीकर जोडले की रोजचा ओव्हरड्राफ्ट. दोन वर्षांत बॅटरी मरते आणि दोष बॅटरीच्या दुकानदाराला मिळतो.

तर मग मोठा अल्टरनेटर बसवावा, हे ओघाने आले. पण येथेही क्रम आहे. 70 अँपिअर कमावणारा अल्टरनेटर 35 अँपिअरसाठी घातलेल्या तारेला जोडला तर ती तार करपेल. म्हणजे आधी अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंतची जाड तार आणि तिचा फ्यूज, मग अल्टरनेटर. खर्च कमी करणे हाही एक मार्ग आहे. मागचे, नंबरप्लेटचे आणि आतले दिवे एलईडीचे केले तर भार बराच उतरतो. मात्र इंडिकेटरला एलईडी लावले की जुना फ्लॅशर गोंधळतो आणि भराभर टिकटिकू लागतो, कारण तो बल्बाच्या करंटवर चालण्यासाठी बनवलेला असतो. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा तर बदलूच नये. पुष्कळ गाड्यांत त्या छोट्या बल्बातून जाणाऱ्या करंटनेच अल्टरनेटर जागा होतो. आणि हॅलोजनसाठी बनवलेल्या समोरच्या दिव्यात एलईडी खुपसला तर किरण ठरलेल्या जागी पडत नाहीत, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातात. स्वतःला दिसावे म्हणून दुसऱ्याला आंधळे करण्याचा हक्क कोणालाही नाही.

माझ्या या म्हणण्यावर काही आक्षेप घेतले जातील. पहिला आक्षेप असा की एवढ्या जुन्या गाडीवर एवढा खर्च कशाला? घसाऱ्याचे गणित मलाही येते. आयकराच्या सध्याच्या 15 टक्के दराने घटत्या शिलकीवर घसारा काढत गेलो तर 100 रुपयांची गाडी 25 वर्षांनी पुस्तकात पावणेदोन रुपयांची सुद्धा उरत नाही. पण तिच्यात बसणाऱ्या माणसांवर घसारा काढता येत नाही. पुस्तकी किंमत गाडीची असते. दिवे, ब्रेक आणि तारा यांवरचा खर्च माणसांसाठी असतो. ज्याला गाडी खरोखर निरुपयोगी वाटते त्याने ती मोडीत काढावी, त्यात कमीपणा नाही. पण गाडी रात्री घाटातून न्यायची, तीत घरची माणसे बसवायची, आणि तारांचा प्रश्न आला की ‘जुनीच तर आहे’ म्हणायचे, हे दोन्ही एकाच तोंडाने म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप कॉमर्सच्या वर्गातून येईल. हा खर्च महसुली की भांडवली? माझे उत्तर असे की जुनी तार त्याच क्षमतेने बदलली तर ती दुरुस्ती, म्हणजे महसुली खर्च. गाडीची मूळ शक्ती परत मिळते, वाढत नाही. मोठा अल्टरनेटर बसवून क्षमता वाढवली तर तो भांडवली म्हणता येईल. वर्गातल्या उत्तरासाठी एवढे पुरे. व्यवहारात मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी: पंचवीस वर्षे ज्या दुरुस्तीची तरतूदच केली नाही ती एका वर्षात डोक्यावर आली की डोंगराएवढी वाटते. ती अचानक आलेली नसते, साचलेली असते.

तिसरा आक्षेप खरा आहे. सगळे एकदम करायला पैसे नसतात. मग टप्पे करावेत. पहिल्या टप्प्यात बॅटरीच्या दोन्ही जाड तारा, अर्थच्या पट्ट्या आणि फ्यूजची पेटी. दुसऱ्यात समोरचे दिवे रिलेसह. तिसऱ्यात मागचे दिवे आणि पाचव्या दरवाजाच्या तारा. चौथ्यात अल्टरनेटरची तार. हौसेचे सामान सर्वांत शेवटी. प्रत्येक टप्प्यानंतर गाडी आधीपेक्षा अधिक सुरक्षित झालेली असते. स्क्रीन आणि भोंग्यापासून सुरुवात केली तर प्रत्येक टप्प्यावर ती अधिक धोक्याची होत जाते. पैसा तेवढाच लागतो.

बॅटरी 12 व्होल्टचीच आहे, तिचा झटका बसत नाही, म्हणून कोणी हे काम हलके समजू नये. सेल्फ मारताना डिझेल गाडीची बॅटरी शेकडो अँपिअर देते. तोच करंट पान्यातून पत्र्यात गेला तर पाना लाल होतो. म्हणून कामाला हात घालताना आधी बॅटरीचे ऋण टोक सोडवायचे आणि जोडताना ते शेवटी जोडायचे, हा मिस्त्रींचा पहिला नियम. पाना चुकून पत्र्याला टेकला तरी त्यावेळी वाट पुरी होत नाही.

आणखी एक गोष्ट. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. त्यानंतर तपासणी होऊन दर वेळी 5 वर्षांसाठी ती वाढवली जाते. तपासणीत दिवा लागतो की नाही, हॉर्न वाजतो की नाही, हे पाहता येते. गालिच्याखालची तार कोणाला दिसणार? कागदावर पास झालेली गाडी आतून पोकळ वाशाची असू शकते. तेथे मालकाचा स्वतःचा विवेक हाच तपासनीस.

आणि मालकाच्या हाती असलेले एक साधे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. वायरिंगच्या बिलाबरोबर वायरिंगचा नकाशा मागावा. कोणती तार कोठून कोठे गेली, तिचा रंग कोणता, जाडी किती, फ्यूज कितीचा. आपल्याकडे हे ज्ञान मिस्त्रींच्या डोक्यात राहते. पुढच्या वेळी दुसरा मिस्त्री येतो, त्याला आधीच्याचे काही माहीत नसते, म्हणून तो तार तोडून पाहतो आणि आपल्या पद्धतीने जोडतो. तिसरा तेच करतो. मामांच्या गाडीच्या डॅशबोर्डमागे एकाच रंगाच्या अशा सहा तारा निघाल्या, त्यांपैकी दोन कशालाच जोडलेल्या नव्हत्या, पण त्यांत करंट होता. ज्या धंद्याची रोजकीर्द लिहिली जात नाही त्याचे असेच होते.

आपल्या मिस्त्रींच्या कौशल्यात काही कमी आहे असे मला म्हणायचे नाही. उलट या महिन्याभरात मी त्यांच्याकडून पुष्कळ शिकलो. कमी आहे ती त्या कौशल्याला मिळणाऱ्या किमतीत. दिवा बसवून दिला की गिऱ्हाईक हसत पैसे देते, कारण दिवा दिसतो. दोन दिवस पाठ वाकवून तारा ओढल्या की तेच गिऱ्हाईक घासाघीस करते, कारण तारा गालिच्याखाली गेल्या. मग मिस्त्री तरी पुढच्या गाडीत टेपच का गुंडाळणार नाही? आपण ज्याची किंमत देतो तेच काम आपल्याला मिळते. आपल्या उद्यमबागेत यंत्रांचे भाग मिलिमीटरच्या अंशापर्यंत मोजून बनवणारे कारागीर आहेत. त्याच गावात गाडीच्या तारा अंदाजाने पिळल्या जाव्यात याचे कारण गिऱ्हाइकाची, म्हणजे आपली, मागणी हेच आहे.

मी लिहून घेतलेली वही मामांच्या गाडीच्या कप्प्यात आहे. डावीकडे मराठी, उजवीकडे कन्नड, मध्ये तारेचा रंग, जाडी आणि फ्यूज. रंग दोन्ही भाषांत एकच असल्यामुळे वाद होत नाही. विज्ञान शाखेच्या मित्रांनी आकृत्या काढल्या, आपण खर्चाचे आणि टप्प्यांचे तक्ते केले, तर जुन्या गाड्यांसाठी अशी एक छोटी दुभाषी पुस्तिका आपले महाविद्यालय सहज तयार करू शकेल. प्राध्यापकांनी याचा विचार करावा अशी विनंती आहे. तोपर्यंत ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांनी एवढे तरी करावे: पुढच्या पावसाळ्यापूर्वी एकदा दिवे लावून, इंजिन चालू ठेवून, बॅटरीवर आणि दिव्यामागे मीटर धरायला सांगावे. दोन आकड्यांत 1 व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर नवा बल्ब आणायला जाऊ नये. तार आणायला जावे.